नाझी काळात लुटलेली ज्यू कुटुंबांची मालमत्ता: शोध आणि दाव्याची पहिली ओळख

या कामात नवीन आलेला माणूस बहुतेक वेळा वस्तूपासून सुरुवात करतो. संग्रहालयात एखादं चित्र दिसतं, घरात ऐकलेल्या वर्णनाशी ते जुळतंसं वाटतं, आणि थेट वकिलाकडे पत्र जातं. हा क्रम उलटा आहे. आधी कुटुंबाची फाइल उभी करायची, मग वस्तूची, आणि या दोन फाइली जिथे एकमेकींना भेटतात तिथेच दावा मांडायचा. हे शक्य होतं, कारण नाझी राजवटीने लूट कायद्याच्या भाषेत केली. फॉर्म भरून घेतले, कर आकारले, मूल्यांकन करवलं, लिलावाचे हिशेब जपले. आज लुबाडणाऱ्यांचं दप्तर हाच सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे.

खालची माहिती मुख्यतः जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या कुटुंबांना धरून आहे. फ्रान्स, नेदरलँड्समध्ये जिथे पद्धत वेगळी पडते तिथे तसं सांगितलं आहे.

काय मागता येतं, काय नाही

सगळ्याच मालमत्तेचा दावा आज करता येत नाही. हे पहिल्याच भेटीत कुटुंबाला स्पष्ट सांगावं, नाहीतर वर्षभराने वाईटपणा येतो. पूर्व जर्मनीतल्या घरा-जमिनींसाठी १९९० च्या मालमत्ता कायद्याखालची मुदत ३१ डिसेंबर १९९२ ला संपली. त्या मुदतीत वारस पुढे आले नाहीत तिथे हक्क क्लेम्स कॉन्फरन्स या ज्यूंच्या वतीने दावे मांडायला १९५१ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे गेला. स्विस बँकांमधल्या बेवारस खात्यांबाबत १९९८ मध्ये १.२५ अब्ज डॉलरची तडजोड झाली, तिचं वाटप आटोपलं. विमा पॉलिसींसाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग २००७ मध्ये बंद झाला. पोलंडने परतफेडीचा व्यापक कायदा कधी केलाच नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर तीस वर्षांहून जुन्या प्रशासकीय निर्णयांना आव्हान देण्याची वाटही बुजली.

उरतात त्या जंगम वस्तू: चित्रं, पुस्तकं, चांदी, वाद्यं, फर्निचर. नाझींनी लुटलेल्या कलावस्तूंबाबतची १९९८ ची वॉशिंग्टन तत्त्वं ४४ देशांनी स्वीकारली. ती बंधनकारक नाहीत, पण सार्वजनिक संग्रहालयांना निदान तोंड फिरवता येत नाही. वस्तू खासगी माणसाच्या घरात असेल तर मात्र ज्या देशात ती आहे तिथला दिवाणी कायदा चालतो, आणि जर्मनीत तो कालमर्यादेवर अडतो. बँक किंवा विम्याचा धागा हाती असेल तरी तो सोडून देऊ नये. न्यू यॉर्क राज्याचं होलोकॉस्ट क्लेम्स प्रोसेसिंग ऑफिस १९९७ पासून बँक, विमा आणि कलावस्तू अशा तिन्ही प्रकारच्या दाव्यांना मोफत मदत करतं, आणि दावेदार न्यू यॉर्कचा किंवा अमेरिकेचा असण्याची अट नाही. नव्या माणसाने वकील शोधण्याआधी तिथे पत्र टाकावं.

कुटुंबाची फाइल

एक कोरी वही घ्या आणि प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान ठेवा. त्यावर जन्मतारीख, जन्मगाव, लग्नाआधीचं आडनाव, आणि १९३३ नंतरचा प्रत्येक पत्ता. पत्ता सर्वांत महत्त्वाचा. लूट करणारी कार्यालयं प्रादेशिक होती, त्यामुळे कुटुंब कुठल्या वित्त कार्यालयाच्या हद्दीत राहत होतं यावर आज कागद कुठल्या अभिलेखागारात आहेत हे ठरतं.

नावं लिहिताना सावध राहा. १ जानेवारी १९३९ पासून ज्यू पुरुषांच्या नावात 'इस्रायल' आणि स्त्रियांच्या नावात 'सारा' जोडणं सक्तीचं झालं. त्यामुळे फाइलवर 'सारा' दिसलं म्हणून ती वेगळी बाई समजू नका. उलट, नावात ही भर असेल तर कागद १९३९ चा किंवा त्यानंतरचा, एवढं लगेच कळतं. व्हिएन्ना आणि प्रागच्या कागदांत एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. शोधताना सगळे स्पेलिंग चालवून बघा.

व्यक्तींचा माग काढायला दोन मोफत ठिकाणं आहेत: जर्मनीतल्या बाट आरोल्झनचं आरोल्झन अभिलेखागार, जिथे सुमारे १ कोटी ७५ लाख लोकांविषयीचे कागद आहेत, आणि जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारकसंस्थेचा नावांचा डेटाबेस. याद वाशेममधली साक्षीपत्रं नातेवाइकांनी भरलेली असतात. फॉर्म कुणी भरला हे बघा, तो नातेवाईक म्हणजे कुटुंबाची दुसरी शाखा असू शकते.

मग मालमत्तेचे कागद. पहिला, आणि बहुतेकदा सर्वांत उपयोगी, म्हणजे १९३८ चा मालमत्ता जाहीरनामा. २६ एप्रिल १९३८ च्या आदेशानुसार ५,००० राइशमार्कपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यू व्यक्तीला तो भरावा लागला. त्यात २७ एप्रिलची स्थिती मांडायची होती. चार पानांच्या या फॉर्ममध्ये शेती, घर, धंदा असे विभाग होते. तुम्ही चौथ्या विभागातला 'जी' रकाना आधी बघा: मौल्यवान धातू, दागिने, कलावस्तू आणि संग्रह. तिथे नुसती एकरकमी किंमत असेल तर निराश होऊ नका. फॉर्मला मूल्यांकनकाराची यादी जोडलेली असू शकते, आणि ती पुष्कळदा खोलीनिहाय असते. पुढे बदल कळवणारी पत्रंही असतात: 'अमुक वस्तू विकली, पैसे करापोटी भरले.' ऑस्ट्रियाचे जाहीरनामे व्हिएन्नाच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि फाइंडबुख या ऑनलाइन सूचीत नावाने शोधता येतात. जर्मनीत मात्र ते विखुरलेले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी टिकलेलेच नाहीत.

कुटुंब देश सोडून गेलं असेल तर सामानाची यादी शोधा. बाहेर नेण्याच्या वस्तूंचे तीन गट करावे लागत: १९३३ पूर्वी घेतलेल्या, त्यानंतर घेतलेल्या, आणि खास स्थलांतरासाठी घेतलेल्या. पहिल्या गटातल्या वस्तू जुन्या, म्हणून दाव्याला मोलाच्या. व्हिएन्नातून चित्र बाहेर न्यायचं तर स्मारक-संरक्षण कार्यालयाची परवानगी लागे, आणि ते अर्जही जपलेले आहेत. युद्ध सुरू झाल्यावर हांबुर्ग आणि ब्रेमेनच्या गोदामांत हजारो खोकी अडकून पडली. गेस्टापोने ती जप्त करून लिलावात काढली. या सामानासाठी ब्रेमरहाफेनच्या जर्मन सागरी संग्रहालयाने 'लॉस्टलिफ्ट' नावाचा डेटाबेस उभारला आहे.

कुटुंब गेलं नसेल तर हद्दपारीची फाइल. २५ नोव्हेंबर १९४१ च्या आदेशाने सीमेबाहेर नेलेल्या ज्यू व्यक्तीची मालमत्ता आपोआप राइशची, म्हणजे जर्मन सरकारची झाली. गाडीत चढवण्याआधी त्यांच्याकडून १६ पानी मालमत्ता पत्रक भरून घेत. बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या अशा सुमारे ४० हजार फाइली पोट्सडामच्या राज्य अभिलेखागारात आहेत. त्यात खुर्च्या, उशांचे अभ्रे, स्वयंपाकघरातली भांडी नगावर मोजलेली असतात. पुढच्या पानांवर बेलिफाचं मूल्यांकन, विक्रीची रक्कम, आणि रिकाम्या घराचं थकलेलं भाडं किंवा गॅसचं बिल राइशकडून मागणारी पत्रं. वाचायला हे अवघड जातं. तरीही बिलांची पानं चाळून टाकू नका, खरेदीदार व्यापाऱ्याचं नाव तिथेच सापडतं.

नेदरलँड्समध्ये 'लिरो' ही लुटीसाठी वापरलेली बँक होती, तिथे १९४१-४२ मध्ये रोख, रोखे, दागिने आणि कलावस्तू सक्तीने जमा करवल्या गेल्या. फ्रान्समध्ये रोझेनबर्ग पथकाने, म्हणजे नाझींच्या कलालुटीच्या खास पथकाने, पॅरिसच्या झ्यू द पोम इमारतीत लूट साठवली. शिवाय फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्समधली ज्यूंची सुमारे ७० हजार घरं सामान लुटण्याच्या 'फर्निचर मोहिमे'त रिकामी केली.

पैशाचा हिशेब मांडा

'त्यांनी चित्र विकलं, पैसे घेतले' हा प्रतिवाद तुम्हाला हमखास ऐकावा लागेल. त्याला उत्तर आकड्यांनी द्यायचं. समजा मालमत्ता १,००,००० राइशमार्क. देश सोडण्याचा कर २५ टक्के, म्हणजे २५,००० गेले. नोव्हेंबर १९३८ च्या हल्ल्यांनंतर ज्यूंवर लादलेला दंडकर आधी २० आणि पुढे २५ टक्के, म्हणजे आणखी २५,०००. उरलेले ५०,००० गोठवलेल्या खात्यात. ते परकीय चलनात बदलायचे तर सप्टेंबर १९३९ पासून ९६ टक्के कपात, म्हणजे हातात २,०००. खिशात रोख न्यायची मुभा १० मार्क.

यामुळेच नुसती विक्रीची किंमत बघून भागत नाही. जर्मनीत वापरली जाणारी कसोटी अशी: ज्यू विक्रेत्याने ३० जानेवारी १९३३ नंतर, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यावर, वस्तू गमावली तर ती छळामुळे गेली असं आधी गृहीत धरतात. हे खोडायचं असेल तर सध्याच्या धारकाने दोन गोष्टी दाखवायच्या: किंमत वाजवी होती, आणि विक्रेत्याला ते पैसे मोकळेपणाने वापरता आले. १५ सप्टेंबर १९३५ नंतरच्या, म्हणजे ज्यूंचे नागरी हक्क काढून घेणाऱ्या न्युरेम्बर्ग कायद्यांनंतरच्या विक्रीला तिसरी अट: नाझी राजवट नसती तरीही हा व्यवहार झाला असता. गोठवलेल्या खात्याचं एक विवरणपत्र दुसरी अट उडवून लावतं. कागद शोधताना ते यादीत वर ठेवा.

वस्तूची फाइल

चित्र असेल तर आधी पाठ बघायची. चौकट, ताणपट्ट्या आणि कॅनव्हास यांचे वेगवेगळे फोटो घ्या, एकदा समोरच्या प्रकाशात आणि एकदा बाजूने तिरक्या प्रकाशात. पुसलेले खडूचे आकडे तिरक्या प्रकाशात उठतात. अतिनील दिव्याखाली खरवडलेल्या लेबलाच्या गोंदाचा डाग दिसतो. काय शोधायचं? वाहतूकदाराचं लेबल, सीमाशुल्काचा शिक्का, लिलावघराचा स्टॉक नंबर. रोझेनबर्ग पथकाचे सांकेतिक क्रमांक: 'आर' म्हणजे रोथशिल्ड या बँकर कुटुंबाचा संग्रह, 'एमए-बी' म्हणजे फर्निचर मोहिमेतली चित्रं. युद्धानंतर अमेरिकनांनी म्युनिकच्या संकलन केंद्रात दिलेला 'म्यू' क्रमांक. हा शेवटचा सापडला तर त्या क्रमांकाचं मालमत्ता-कार्ड ऑनलाइन मिळतं आणि त्यावर आधीचा मार्ग लिहिलेला असतो. पण म्यू क्रमांक म्हणजे लुटीचा पुरावा नव्हे. त्या केंद्रात कायदेशीर खरेदीच्या वस्तूही आल्या होत्या.

कॅनव्हासला मागून नवं अस्तर चिकटवलं असेल तर सगळ्या खुणा झाकल्या जातात. ते नेहमी लपवण्यासाठीच केलेलं असतं असं नाही.

चांदीची गोष्ट निराळी. फेब्रुवारी १९३९ च्या आदेशाने ज्यूंना सोनं, चांदी आणि रत्नं सरकारी तारणगृहात जमा करावी लागली, लग्नाची अंगठी आणि मोजक्या वस्तू वगळता. बहुतेक चांदी वितळवली गेली. म्युनिकच्या बव्हेरियन नॅशनल म्युझियमने त्यातली काही विकत घेतली होती, आणि शंभराहून अधिक वस्तू त्यांच्याकडे राहिल्या. संशोधकांनी त्यांचे मालक ओळखले ते बुडाशी चिकटून राहिलेल्या, पिवळ्या पडलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्यांवरून. म्हणून जुनी चांदी हाती आली तर पहिलं काम: पॉलिश करू नका. पुस्तकांत नावाचे शिक्के, मालकपट्टी आणि पहिल्या पानावरच्या अर्पण-ओळी बघा.

वस्तू शोधताना शीर्षकावर विसंबू नका. 'गायींसह निसर्गदृश्य' नावाची शेकडो चित्रं आहेत, आणि चित्रकाराचं श्रेयही काळागणिक बदलतं. मापावरून शोधा. युरोपात उंची आधी आणि रुंदी नंतर लिहितात. चौकटीसकट की चौकटीविना मोजलं यामुळे दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडतो, तेवढी ढील ठेवा. माग्देबुर्गच्या जर्मन केंद्राचा 'लॉस्ट आर्ट' डेटाबेस, झ्यू द पोमचा डेटाबेस, फ्रान्सचा रोझ वालां संग्रह (सुमारे २,००० बेवारस कलाकृती) आणि हायडेलबर्ग विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेले १९३० ते १९४५ चे लिलाव-कॅटलॉग, एवढी चार ठिकाणं आधी पालथी घाला. कॅटलॉगच्या समासात पेन्सिलीने लिहिलेली किंमत किंवा खरेदीदाराचं नाव मिळालं तर ते छापील मजकुराहून मोलाचं. त्यामुळे एकाच कॅटलॉगच्या जमतील तेवढ्या प्रती बघा.

मालकीचा इतिहास लिहिण्याची ठरलेली रीत आहे, आणि तो सातबाऱ्यावरच्या फेरफारांसारखा एकेक हात तपासत वाचायचा असतो. अर्धविराम म्हणजे वस्तू थेट हातातून हातात गेली. पूर्णविराम म्हणजे मध्ये खंड. उदाहरणार्थ: 'चित्रकाराकडून क्ष, १९१२; वारशाने मुलगी य, व्हिएन्ना, १९३१. व्यापारी ज्ञ, म्युनिक, १९४१. सध्याचं संग्रहालय, १९५५.' १९३१ नंतरचा तो पूर्णविराम हेच तुमचं काम. व्यापाऱ्याचं नाव युद्धोत्तर अमेरिकी कलालूट-तपास पथकाच्या सुमारे २,००० नावांच्या यादीत आहे का बघा. हिल्डेब्रांड गुर्लिट, कार्ल हाबरस्टॉक, लुत्सर्नचा थिओडोर फिशर ही त्यातली सतत भेटणारी नावं.

घरची एखादी जुनी यादी मिळाली तर काम कितीतरी सोपं होतं. ॲमस्टरडॅमचे व्यापारी याक खाउडस्टिकर १९४० मध्ये पळून जाताना जहाजावर अपघाताने वारले. त्यांच्याजवळच्या काळ्या वहीत अकराशेहून अधिक चित्रांची नोंद होती. त्या वहीच्या आधारावर वारसांनी लढा दिला आणि २००६ मध्ये डच सरकारने २०२ चित्रं परत केली. अशी वही सापडली तर तिची पानं सुटी करू नका, स्कॅन करून मूळ वही अभिलेखागारात ठेवा.

चुका कुठे होतात

सर्वांत महाग चूक म्हणजे चुकीचं चित्र. २००१ मध्ये ऑस्ट्रियाने चित्रकार क्लिम्टचं 'सफरचंदाचं झाड २' नोरा स्टियास्नी यांच्या वारसांना दिलं. पुढे उघड झालं की १९३८ मध्ये स्टियास्नींना कवडीमोलाने विकावं लागलेलं चित्र ते नव्हतंच. ते होतं पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातलं 'झाडांखालचे गुलाब'. ते परत करण्यासाठी फ्रेंच संसदेला फेब्रुवारी २०२२ मध्ये खास कायदा करावा लागला. जुन्या कागदांतलं वर्णन त्रोटक, आणि एकाच चित्रकाराची झाडांची चित्रं अनेक. अशा वेळी माप, फोटो, प्रदर्शनाचा कॅटलॉग यांपैकी निदान दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी चूक: आधी मिळालेली भरपाई न तपासणं. पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्याखाली न सापडलेल्या वस्तूंसाठी पैसे दिले होते. काही कुटुंबांनी ते घेतले आणि पुढच्या पिढीला सांगितलंच नाही. बर्लिनच्या राज्य अभिलेखागारात ती प्रकरणं आहेत. आधीच्या भरपाईने हक्क जातोच असं नाही. कासिरर कुटुंबाला चित्रकार पिसारोच्या चित्रासाठी १९५८ मध्ये १,२०,००० मार्क मिळाले, तरी चित्रावरचा हक्क सुटला नव्हता. पण बहुतेकदा ती रक्कम परत करावी लागते, आणि ही गोष्ट समोरच्याने आधी काढली तर तुमची पत जाते. शिवाय या युद्धोत्तर फाइलींत वारसांनी स्वतः लिहिलेल्या वस्तूंच्या याद्या असतात. म्हणून त्या टाळायच्या नाहीत, मुद्दाम मागवायच्या.

तिसरी: मृत्यूची तारीख. छळछावणीत बेपत्ता झालेल्या पुष्कळ जणांची मृत्यूतारीख ८ मे १९४५ किंवा ३१ डिसेंबर १९४५ अशी सरकारी सोयीने ठरवली गेली. नवरा-बायको दोघांना एकच तारीख असेल तर कोण कोणाचा वारस हे बदलतं. हद्दपारीच्या गाडीची यादी बघून खरी परिस्थिती वेगळी नोंदवा आणि वारस दाखल्याच्या अर्जासोबत जोडा.

चौथी, साधी पण नेहमीची: एका शाखेने गुपचूप दावा करणं. दुसरी शाखा उशिरा उगवली की संग्रहालय दोन्हींना थांबवतं. सुरुवातीलाच सगळ्या ज्ञात वारसांकडून एकाच प्रतिनिधीच्या नावे मुखत्यारपत्र घ्या आणि खर्च व वाटप कसं होणार हे लेखी ठरवा.

दावा कुठे

आधी संग्रहालयालाच लिहा. चार पानांपेक्षा मोठं पत्र नको. वस्तूची ओळख, मालकीचा पुरावा, वस्तू कशी गेली, वारस कोण, काय मागणी, आणि सोबत क्रमांक घातलेल्या प्रती. मूळ कागद कधीही पाठवू नका. त्याच दिवशी 'लॉस्ट आर्ट'वर शोधनोंद करा. अशी नोंद असली की जबाबदार लिलावघरं वस्तू विक्रीला घेत नाहीत. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने वस्तू कुठे आहे हे प्रत्यक्ष कळल्यापासून सहा वर्षं दिली आहेत, म्हणून ज्या ईमेलमधून पत्ता लागला ती तारखेसह जपून ठेवा.

बोलणी फिसकटली तर देशागणिक दार वेगळं. ऑस्ट्रियात १९९८ च्या कायद्याखाली संघराज्याच्या संग्रहांसाठी सल्लागार मंडळ, ब्रिटनमध्ये २००० पासूनचं स्पोलिएशन ॲडव्हायझरी पॅनेल, नेदरलँड्समध्ये परतफेड समिती, फ्रान्समध्ये १९९९ पासूनचा आयोग. फ्रान्सच्या आयोगाकडे लुटलेल्या घरांची आणि बँकखात्यांची भरपाईही मागता येते, आणि २०२३ च्या कायद्यामुळे आता प्रत्येक चित्रासाठी संसदेत जावं लागत नाही. जर्मनीत २००३ च्या सल्लागार आयोगापुढे जायला दोन्ही पक्षांची संमती लागायची, ही त्याची मोठी उणीव होती. त्याची जागा आता लवाद पद्धतीने घेतली आहे.

मुंबईचा धागा

कोकणातले आणि मुंबईतले बेने इस्रायल या लुटीच्या कक्षेत आले नाहीत. पण १९३० च्या दशकात जर्मनी, ऑस्ट्रियातून ज्यू निर्वासित मुंबईत उतरले, आणि त्यांना आधार द्यायला १९३४ मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. युद्ध पेटल्यावर त्यांतल्या काहींना 'शत्रू देशाचे नागरिक' म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबलं गेलं. तुमच्या कुटुंबाची एखादी शाखा इथे आली असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर परकीय नागरिक, स्थानबद्धता आणि नागरिकत्वाच्या फाइली नावाने शोधा. मुंबईत पोचल्याची तारीख आणि स्वतः सांगितलेला शेवटचा युरोपीय पत्ता मिळाला तर व्हिएन्ना किंवा बर्लिनची फाइल मागवणं खूप सोपं जातं.

मिटवताना

निकाल म्हणजे दर वेळी वस्तू घरी येणं नव्हे. संग्रहालय वस्तू ठेवून रक्कम देतं, दोघं मिळून विकून वाटून घेतात, किंवा वस्तू परत करून पुन्हा विकत घेतात. चित्रकार शिलेचं 'वॉलीचं व्यक्तिचित्र' २०१० मध्ये १.९ कोटी डॉलरच्या तडजोडीवर व्हिएन्नाच्या लिओपोल्ड संग्रहालयात राहिलं. करारात चार गोष्टी नावानिशी लिहून घ्या: चित्राशेजारच्या पाटीवरचा नेमका मजकूर, वाहतूक आणि विम्याचा खर्च कोणाचा, निर्यात परवाना कोण काढणार, आणि उशिरा पुढे आलेल्या वारसाचा वाटा कोण देणार. सही झाल्यावर 'लॉस्ट आर्ट'वरची शोधनोंद काढून घ्या, नाहीतर पुढे वारसांनीच ती वस्तू विकायला काढली की लिलावघर त्यांनाच अडवतं.